उभ्या जन्माचे पाय

मराठी भाषेला उभ्या माणसाचे फार कौतुक. माणूस कर्तबगार निघाला की तो स्वतःच्या पायावर उभा राहिला. नालायक निघाला की बसून खातो. धंदा बुडाला की बसतो, गाणाऱ्याचा आवाज गेला की बसतो, आणि पावसात भिंत खचली तर तीही बसतेच. आयुष्याचे माप काढायचे तेदेखील ‘उभ्या जन्मात’ असे. फार काय, आमचा विठोबासुद्धा विटेवर उभाच. अशा उभ्यांच्या मुलखात पायांच्या शिरा फुगलेली माणसे घरोघर निघाली तर नवल कसले?

दिवाळी अंकात पायांच्या दुखण्यावर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी मांडायची, हे मला कळते. पण चकली खुसखुशीत झाली की तळणाऱ्या हातांचे कौतुक होते, पायांचे कोणीच करीत नाही. आमच्या आज्या चुलीपुढे पाट घेऊन बसायच्या. मग ओटा आला. धूर गेला, डोळे वाचले, ऊठबस वाचली. आणि बाई उभी राहिली ती राहिलीच. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत ती जी उभी असते, तिचा हिशेब रात्री पाय देतात. पोटऱ्या दगडासारख्या जड, घोट्यापाशी सूज, आणि गुडघ्याच्या मागे निळ्या-जांभळ्या गाठोळ्या. साडीच्या घोळाखाली त्या कोणाला दिसत नाहीत, म्हणून घरात कोणाला त्या आहेत हेही ठाऊक नसते.

मी दापोडीत राहते. (दापोली नव्हे. तिथे समुद्र आहे. आमच्याकडे मुळा नदी आहे आणि हॅरिस पूल आहे.) आमच्या गावाचा औषधांशी संबंध जुना आहे, पण तो आज कोणाला आठवत नाही. एकोणिसाव्या शतकात इथे, म्हणजे इंग्रजांच्या ‘दापुरी’त, मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला आणि वनस्पती उद्यान होते. त्या उद्यानाचा कारभार पाहणारे अलेक्झांडर गिब्सन हे मूळचे शल्यवैद्य. ते इथे औषधी वनस्पती वाढवीत आणि सरकारी औषधभांडाराला माल पुरवीत. आज दापोडी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल. पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या या पट्ट्यातली माणसे उभ्याने पोट भरतात. लेथवर उभे, जुळणीच्या पट्ट्यापुढे उभे, बसमध्ये दांडीला धरून तिकिटे फाडत उभे, कापडाच्या दुकानात ठाण उलगडत उभे, चौकात शिट्टी फुंकत उभे. आणि फळ्यापुढे उभे, हेही सांगितले पाहिजे. आम्हा मास्तरमंडळींच्या पोटऱ्या या दुखण्याला चांगल्या ओळखीच्या आहेत.

आता हे दुखणे काय ते आधी पाहू. मराठी शास्त्रीय परिभाषेने हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीला ‘रोहिणी’ आणि हृदयाकडे परत आणणाऱ्या नळीला ‘नीला’ अशी नावे दिली आहेत. वर्गात हजेरी घेताना एका बाकावर बसलेल्या दोन मुलींची असावीत, इतकी गोड नावे! या फुगलेल्या शिरांना परिभाषेत ‘अपस्फीत नीला’ म्हणतात. बोलताना मात्र आपण सगळे ‘व्हेरिकोज व्हेन्स’च म्हणतो, आणि दिवाळीच्या दिवसांत नुसते ‘शिरा’ म्हटले तर ऐकणाऱ्याला साजूक तुपाचा वास येतो.

रक्ताला पायापर्यंत उतरायला त्रास नाही. परत चढायचे अवघड. घोट्यापासून हृदयापर्यंत चारेक फूट उंची, आणि वर ओढून घ्यायला पंप नाही. ती सोय निसर्गाने दोन युक्त्यांनी केली आहे. एक युक्ती पोटरीची. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि आतल्या खोल शिरांतले रक्त पिळून वर ढकलतात. दुसरी युक्ती झडपांची. शिरेत ठिकठिकाणी नाजूक पडद्यांच्या झडपा असतात. वर जाणाऱ्याला वाट देतात, खाली येणाऱ्याला अडवतात. या झडपांचे वर्णन पादुआच्या विद्यापीठातील फॅब्रिसियस या पंडिताने १६०३ साली छापले. पण त्या कशासाठी आहेत ते त्याला नीट उमगले नाही. ते उमगले त्याच्या विद्यार्थ्याला, विल्यम हार्वेला, आणि १६२८ साली त्याने रक्ताभिसरणाचा ग्रंथ लिहिला त्यात या झडपांचा पुरावा मोठ्या महत्त्वाचा ठरला. गुरूने दार पाहिले, शिष्याने ते कोणत्या बाजूला उघडते ते पाहिले.

माणूस तासन् तास नुसता उभा राहिला की पोटरीचा पंप बंद, आणि रक्ताचा सगळा स्तंभ खालच्या झडपांवर. स्वस्थ उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत असतो. तोच चालू लागला की निरोगी पायात तो तिसाच्या खाली उतरतो. म्हणजे चालणारा सुखी आणि उभा राहणारा दुःखी, असा हा उफराटा न्याय आहे. ज्यांच्या झडपा मुळात कच्च्या, म्हणजे ज्यांच्या आईवडिलांना हे दुखणे होते, ज्या बायकांची दोन-तीन बाळंतपणे झाली, ज्यांचे वजन किंवा वय वाढले, त्यांच्या झडपा आधी हार खातात. एक झडप गळू लागली की तिचा भार खालचीवर, मग तिचा तिच्याखालचीवर. डेन्मार्कमध्ये कामकऱ्यांचा बारा वर्षे मागोवा घेऊन २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामाचा बहुतेक वेळ उभ्याने किंवा चालत घालवणाऱ्यांना या शिरांसाठी इस्पितळात दाखल होण्याची पाळी इतरांच्या जवळजवळ पावणेदोन पट येते, असे आढळले.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यातच उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय असावी असे कलम घातले होते. दुकानांतल्या मुलींना मात्र वाट पाहावी लागली. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी चळवळ केली, तेव्हा २०१८ साली तिथल्या सरकारने कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ साली तेच केले. एका स्टुलासाठी कायदा लागावा!

आमच्या शेजारी एक निवृत्त कामगार राहतात. चौतीस वर्षे यंत्रापुढे उभे राहिले. त्यांच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडून चामड्यासारखी झाली, खाज सुटू लागली, आणि एक दिवस तिथे जखम झाली. दोन पावसाळे गेले तरी ती भरेना. मधुमेह नसताना ‘साखरेचीच असणार’ असे सगळ्यांनी ठरवून टाकले. तेल झाले, लेप झाला, जळवा लावून झाल्या. ऑपरेशनाला मात्र ते तयार नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाचे तरुणपणी झाले होते आणि पायभर काळेनिळे घेऊन तो महिनाभर घरी बसला होता, ही आठवण त्यांच्या मनात पक्की. शेवटी सुनेने तीन ठिकाणी दाखवले. तिन्हीकडून तीन कागद आले. एकावर लेसर, दुसऱ्यावर रेडिओलहरी, तिसऱ्यावर गोंद. रकमा तीन तऱ्हेच्या. ते कागद घेऊन ती माझ्याकडे आली.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या. यातले खरे कोणते?”

काका दारातच उभे होते. त्यांचा प्रश्न निराळा होता. “शीर बंदच करणार म्हणतात. मग रक्त वर जाणार कुठून?”

मी मराठी शिकवते, वैद्यकी नव्हे. पण कागद वाचायचे शिक्षण झालेले आहे, आणि शंका फार चांगली होती. पुष्कळ लोक याच शंकेपायी उपचार टाळतात.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे. पायातले सुमारे नव्वद टक्के रक्त स्नायूंच्या आत दडलेल्या खोल शिरांतून वर जाते. कातडीखालची लांब शीर, जी घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाते, ती बोळातली वाट आहे, हमरस्ता नव्हे. तिच्या झडपा गळू लागल्या म्हणजे तिच्यातून रक्त वर जायचे सोडून खाली येते. ती बंद केली की रक्त आपसूक हमरस्त्याला लागते. हृदयाच्या बायपाससाठी शल्यवैद्य पायातली शीर काढून नेतात ती हीच, आणि तरी ती माणसे चालतात-फिरतात. अट एकच. हमरस्ता मोकळा पाहिजे. खोल शिरांत गुठळी असेल तर सगळे गणित बदलते. म्हणून उपचाराआधी डॉप्लर सोनोग्राफी हवी, आणि तीही रुग्णाला उभे करून. आडव्या पायात रक्त उलटे कसे वाहते ते नीट दिसत नाही. पाय नुसता डोळ्यांनी पाहून जो लगेच तारीख देतो, त्याच्याकडून निमूट उठून यावे.

सुनेच्या प्रश्नाला मात्र थोडा इतिहास लागतो. जर्मनीच्या ट्रेंडेलेनबुर्गने १८९० साली ही शीर मांडीत बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया सांगितली. पुढे १९०७ साली अमेरिकेत बॅबकॉकने आतून तार घालून सबंध शीर ओढून काढायची रीत काढली. तीच शंभर वर्षे चालली. जांघेत चीर, गुडघ्यापाशी चीर, कमरेत इंजेक्शन किंवा पूर्ण भूल, आणि मग तार ओढायची. काकांच्या भावाचे झाले ते हे. ती रीत वाईट होती असे कोणी समजू नये. बरे होणारे बरे होत. पण पाय सोलून निघे, आणि काही वर्षांनी जांघेतल्या त्या जुन्या चिरेपाशीच नव्या वेड्यावाकड्या शिरा फुटत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कल्पना बदलली. शीर ओढून काढायची कशाला? ती जागच्या जागी बंद केली तर शरीर स्वतःच तिची दोरी करून टाकील. आजचे सगळे उपचार ही एकच कल्पना निरनिराळ्या हत्यारांनी अमलात आणतात. सुनेला मी हेच आधी सांगितले. तिन्ही कागदांवरचे काम एक आहे.

लेसरमध्ये गुडघ्याच्या आसपास सुईच्या भोकातून केसासारखी काचतंतूची तार शिरेत घालतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत जांघेजवळ नेतात. मग शिरेच्या भोवती भूल मिसळलेले गार सलाईन टोचतात. त्याने दुखत नाही, शीर तारेभोवती आवळते, आणि उष्णता बाहेरच्या कातडीला व मज्जातंतूंना पोहोचत नाही. मग लेसर चालू करून तार सावकाश मागे ओढायची. शीर आतून भाजून मिटत जाते. कमरेतले इंजेक्शन लागतेच असे नाही. ही पद्धत २००० सालाच्या आगेमागे रुळली. पहिल्या लेसरांनी नंतर दुखायचे, काळेनिळे व्हायचे. अलीकडच्या १४७० नॅनोमीटर लहरीच्या आणि चोहोबाजूंनी प्रकाश फेकणाऱ्या तारांनी ते पुष्कळ कमी झाले आहे.

रेडिओलहरींचे तंत्र याचेच भावंड. इथे तारेच्या टोकाशी सात सेंटिमीटरची तापणारी कांडी असते. ती १२० अंशांपर्यंत तापते, वीस सेकंद थांबते, मग पुढचे सात सेंटिमीटर. उष्णता मोजून मिळते म्हणून पहिल्या काही दिवसांत दुखणे जुन्या लेसरपेक्षा कमी. बंद होण्याच्या बाबतीत दोघांत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही.

फेसाचा उपाय मला स्वयंपाकघरातला वाटतो. शिरेचे अस्तर जाळणारे औषध एका पिचकारीत, हवा दुसरीत. दोन्ही एका तोटीला जोडून इकडून तिकडे, तिकडून इकडे वीसेक वेळा ढकलायचे की ताकावर येतो तसा दाट फेस होतो. ही युक्ती इटलीच्या तेस्सारीची, २००० सालच्या सुमाराची. फेस शिरेत सोडला की तो रक्ताला बाजूला सारून अस्तराला चिकटतो. भूल नको, तार नको, खर्च सर्वांत कमी. वाकड्यातिकड्या शिरांत, जिथे सरळ तार जात नाही, तिथे फेसच कामाचा. पण तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, कातडीवर तपकिरी डाग काही महिने राहू शकतात, क्वचित कोणाला थोडा वेळ अंधारी किंवा अर्धशिशी येते.

आणि गोंद. हा सायनोॲक्रिलेट जातीचा, म्हणजे घरात तुटलेल्या कपाची कान जोडायला फेविक्विक वापरतो त्याच्या कुळातला; अर्थात वैद्यकी कामासाठी वेगळा बनवलेला. थेंब थेंब सोडत वरून दाबायचे, शीर चिकटते. उष्णता नाही, म्हणून ते ठिकठिकाणी टोचणेही नाही, आणि बहुधा नंतर मोजेही लागत नाहीत. अमेरिकेत त्याला २०१५ साली परवानगी मिळाली. २२२ रुग्णांवरच्या तुलनेत तो रेडिओलहरींपेक्षा कमी पडला नाही. पण महाग, आणि काहींना त्याची ॲलर्जी येऊन पाय लालबुंद होतो. शिवाय गोंद शरीरात राहतो. गरगर फिरणारी तार आणि औषध एकत्र, असाही एक प्रकार आहे. त्यालाही उष्णता लागत नाही.

मग यात सरस कोण? डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांवर चार रीतींची तुलना झाली, ती २०११ साली छापून आली. वर्षअखेर फेस दिलेल्या शिरांपैकी १६ टक्क्यांवर पुन्हा उघडलेल्या. लेसर, रेडिओलहरी आणि जुनी ओढून काढण्याची रीत या तिन्हींत हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आतबाहेर. मात्र कामावर लवकर परतले ते रेडिओलहरी आणि फेसवाले. ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर लेसर, फेस आणि शस्त्रक्रिया ताडून पाहिली. पाच वर्षांनंतरचा निकाल २०१९ साली आला. पायाच्या सुखदुःखाच्या मापाने लेसर आणि शस्त्रक्रिया फेसापेक्षा बऱ्या ठरल्या. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा २०१३ पासूनचा सल्ला आधी उष्णतेची रीत, ती जमत नसेल तर फेस, तोही नसेल तर शस्त्रक्रिया, असा आहे.

तेव्हा लेसर की रेडिओलहरी यावर घरात भांडू नये. पाटीवर कोणते यंत्र रंगवले आहे यापेक्षा सोनोग्राफीची काडी कोणाच्या हातात आहे ते पाहावे. मी सुनेला चार प्रश्न कागदाच्या पाठीमागे लिहून दिले. खोल शिरा मोकळ्या आहेत का? नेमकी कोणती शीर, कुठून कुठपर्यंत बंद करणार? दिसणाऱ्या गाठोळ्यांचे काय, त्या त्याच वेळी बारीक टोचे मारून काढणार की नंतर फेस देणार? आणि तार नवी उघडणार की आधी वापरलेली? शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारे आपण डॉक्टरपुढे गप्प बसतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी न घेतल्याने पुष्कळांचा हिरमोड होतो. मुख्य शीर बंद झालेली असते, पण गाठी तशाच दिसतात आणि पैसे बुडाले असे वाटते.

ज्या डॉक्टरांनी काकांना उभे करून पाऊण तास तपासले, त्यांच्याकडे काका गेले. लेसर झाले, जखमेच्या खालच्या शिरांना फेस दिला, वरून पट्टी बांधली. संध्याकाळी ते स्वतःच्या पायांनी जिना चढले. दोन महिने उलटता जखम भरली. हे काही एकट्याचे नशीब नव्हे. अशाच जखमांच्या ४५० रुग्णांचा ब्रिटनमधला अभ्यास २०१८ साली आला. शिरेवर लगेच उपचार केलेल्यांची जखम मध्यमानाने ५६ दिवसांत भरली. आधी पट्ट्या आणि शिरेचे मागाहून पाहू, असे ठेवलेल्यांना ८२ दिवस लागले. काकांनी दोन पावसाळे घालवले होते.

बायका याहून जास्त घालवतात. साडीखाली झाकते म्हणून, पोरांच्या परीक्षा आहेत म्हणून, सणवार आहे म्हणून. गाठोळ्या नुसत्या दिसायला वाईट असतील तर थांबायला हरकत नाही. सगळ्याच फुगलेल्या शिरांना उपचार लागतो असेही नाही, आणि पायावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक लाल-निळ्या रेषांसाठी लेसरचा मोठा खर्च सुचवणाऱ्यापासून दोन हात दूर राहावे. पण घोट्याच्या आतली कातडी तपकिरी होऊ लागली, खाज सुटली, रोज संध्याकाळी सूज येऊ लागली, तर ती जखमेची पूर्वसूचना आहे. एखादी गाठ फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर घाबरून उभे राहू नये, मांडीला दोरी आवळू नये. आडवे पडावे, पाय उशीवर उंच करावा आणि स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे दाबून धरावे. रक्त थांबते. मग डॉक्टर गाठावा.

आवळ मोज्यांबद्दल बोलायचे तर ते त्रास कमी करतात, झडप दुरुस्त करीत नाहीत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घालायचे आणि रात्री काढायचे. चैत्र-वैशाखातल्या पुण्यात ते दिवसभर घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मधुमेह्यांनी आणि ज्यांच्या पायाला रोहिणीतूनच रक्त कमी पोहोचते अशांनी ते विचारल्याशिवाय घालूच नयेत. तेलाच्या मालिशीने थकवा जातो, तेवढेच.

लेसर किंवा रेडिओलहरींनंतर त्याच दिवशी चालायला लावतात; पोटरीचा पंप चालू राहिला की खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका कमी होतो. पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर मात्र क्षणभर न थांबता इस्पितळ गाठायचे. मांडीच्या आतल्या बाजूला शीर दोरीसारखी ताठ लागते, आठवडा-पंधरवडा ओढल्यासारखे होते; गुडघ्याखाली कधी थोडा बधिरपणा राहतो, तो बहुधा ओसरतो. आणि बंद केलेली शीर बंद राहिली तरी झडपांचा कच्चेपणा घराण्यातला असेल तर काही वर्षांनी दुसरी एखादी शीर गळू लागते. काकांना सहा महिन्यांनी पुन्हा डॉप्लरला बोलावले आहे. त्यांचा उजवा पाय अजून बाकी आहे.